गवतातली जागा

कोल्बी उद्या फौजेत रुजू होणार होता. जाण्याआधी त्याला पेनसिल्व्हेनियातलं ते जुनं रणांगण पाहायचं होतं, म्हणून लोरेटा लेकासोबत आली. फ्रेंच-इंग्रजांच्या लढाईतला लाकडी किल्ला कुरणात नव्याने उभारला होता.

वाटेत एका जागी गवत दबलं होतं, डावा गुडघा पोटाशी घेऊन कुणी निजावं तसं. पाळण्यापासून कोल्बी असाच निजायचा.

"आई, माझ्याच मापाचं अंथरूण!" तो हसत आडवा झाला. नेमका मावला.

"ऊठ आधी! वेड लागलंय का?"

"उठतो गं. कसली ऊब आहे इथे!"

तो उठून किल्ल्याकडे निघाला. लोरेटा मागोमाग धावली. तिच्या पावलांखाली गवत चिरडलं जात होतं.

कोल्बीच्या पावलांखाली एक पातंही वाकत नव्हतं.