नव्व्याण्णव दिवस

“ताई, एकदा नजर टाक ना. मग पाठवूनच देते,” म्हणत धाकटीने लॅपटॉप थोरलीपुढे सरकवला.

थोरली कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. तिचा स्वतःचा शोधनिबंध कित्येक वर्षं ‘जवळजवळ झालाच’ होता. धाकटी फिजिओथेरपिस्ट. आकडेमोडीसाठी ती सारखं ताईचं डोकं खायची, म्हणून थोरलीनेच तिला एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर दाखवून दिलं होतं. “फुकट आहे. शीक तुझी तू.” पीडा टळावी, एवढाच हेतू. आणि ही बया खरंच शिकली! आकडेमोड त्यातच, आलेख त्यातच, निबंधही त्यातच.

आई पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होती. “बघ गं बाई. हिचं तरी छापून येऊ दे.”

ते ‘हिचं तरी’ थोरलीला बरोबर झोंबलं.

तिने वाचायला घेतलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले पेशंट. निम्म्यांना धाकटी दर आठवड्याला फोन करून व्यायामाची आठवण करून द्यायची, निम्म्यांना नाही. काठीशिवाय चालायला कोणाला किती दिवस लागले? फोनवाले थोडे लवकर चालू लागले होते. फरक बेताचा, पण होता. भाषा स्वच्छ, आलेख देखणे. थोरलीचा नुसता जळफळाट होत होता. एखादी तरी चूक सापडू दे, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

सापडली. तक्त्यात सगळ्यात मोठा आकडा ९९ होता. दोन्ही गटांत.

“हे नव्व्याण्णव दिवस कोणाला लागले गं?”

“ते होय? जे पेशंट परत आलेच नाहीत, त्यांच्यापुढे आमच्याकडे नव्व्याण्णव टाकतात. माहिती नाही म्हणून.”

“ते तुम्हाला ठाऊक. सॉफ्टवेअरला कोण सांगणार? त्याने ते खरेच दिवस धरलेत.” थोरलीचा आवाज आपोआप गोड झाला. “पहिल्याच तासाला शिकवते मी हे. पहिल्या वर्षाच्या पोरांना.”

धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. आईच्या हातातली घडी अर्धीच राहिली. थोरलीने मनातल्या मनात हिशेब मांडला. परत न आलेले म्हणजे बहुतेक ज्यांना फोन गेला नाही तेच. त्यांचे खोटे नव्व्याण्णव काढले की त्यांची सरासरी खाली येणार आणि तो बेताचा फरकही जाणार. मग कसला निबंध नि कसलं काय! तिला फार बरं वाटलं. आपल्याला बरं वाटतंय याची लाजही वाटली, पण ते बरं वाटणं काही कमी झालं नाही.

“बदल की,” ती म्हणाली. “एका ओळीचं तर काम आहे.”

धाकटीने ती ओळ लिहिली. नव्व्याण्णव म्हणजे माहिती नाही. बटण दाबलं. हिशेब आणि निबंध एकाच फाइलीत होते, त्यामुळे तक्ता बदलला, आलेख बदलला, वाक्यांमधले आकडेसुद्धा आपले आपण बदलले. दोघी वाकून बघत राहिल्या.

फरक दुपटीहून जास्त झाला होता.

“अगं, हो की!” धाकटीने कपाळावर हात मारला. “परत न आलेले जास्त करून फोनवालेच होते. बरे झाले की यायचेच बंद व्हायचे! आणि मी त्यांनाच नव्व्याण्णव दिवस काठी घेऊन चालवलं.”

तिने ताईच्या गळ्यात हात टाकले. “तू नसतीस तर मी हे असंच पाठवलं असतं.”

“शेवटी बहीण आहे,” म्हणत आईने हातातल्या टॉवेलानेच डोळे टिपले.

धाकटीने निबंधाचं पहिलं पान उघडलं आणि आपल्या नावाखाली टाइप करायला घेतलं. “ताई, तुझंही नाव घालते. दुसरी लेखिका म्हणून. चालेल ना?”

‘मी मदत करत नव्हते गं,’ हे थोरलीच्या अगदी ओठांवर आलं. आई तिच्याकडे कौतुकाने बघत होती. धाकटीची बोटं तिच्या उत्तरासाठी थांबली होती.

“पूर्ण नाव घाल,” थोरली म्हणाली.