सवत

जपानहून आलेली जुनी गाडी सुरू केली की आतल्या यंत्रातली बाई जपानीत एक वाक्य बोलते. त्रिनिदादमध्ये ते कुणाला कळत नाही, आणि कुणी ते बंदही करत नाही.

मी अशीच एक दोन दारांची टर्बोवाली घेतली, तेव्हा मित्र कर्टिस माझ्या बायकोला म्हणाला, "रुकमिन वहिनी, सवत गोड बोलते हं!"

रुकमिन हसली नाही. "घराचं छप्पर गळतंय, आणि हा रेसची गाडी आणतो! आता बोल तिच्याशीच."

तेव्हापासून तिनं अबोला धरला. जेवण वाढायची, तेही ताट आपटून.

काल तिच्या बहिणीच्या लग्नाला जायचं म्हणून ती नाइलाजानं गाडीत बसली. मी किल्ली फिरवली. बाई नेहमीचं वाक्य बोलली. मग जरा थांबून तिनं कधी न ऐकलेलं दुसरं वाक्य म्हटलं. सूर प्रश्नाचा होता.

"हिला काय झालं आज?" मी म्हणालो.

रुकमिननं उत्तर दिलं. मला नाही, तिला. तिच्याच जपानीत, लग्नाच्या पहिल्या वर्षीही माझ्याशी बोलली नव्हती इतक्या मायेनं. हे बेट सोडून रुकमिन जन्मात कुठे गेलेली नाही.

त्यातलं मला एवढंच कळलं, माझं नाव.

मग दोघी हसल्या.