बाकी एक

लाख वातींचा नवस बोलून आठवडा झाला नाही, तोच अर्धांगाने आईची डावी बाजू गेली. तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून पडलेली, कुणाशी बोलेना. वाती तिघी लेकींनी वळायचं ठरलं.

"प्रत्येकी तेहतीस हजार तीनशे तेहतीस," थोरली म्हणाली, "आणि वर एक उरतेय मेली!"

"मी येते की चौथी," वहिनी म्हणाली. "पंचवीस हजार, बाकी शून्य."

"नको," आईच्या पाठीकडे बघत धाकटी म्हणाली. "एकावर कितीही शून्यं द्या, तीनने भागलं की एक उरणारच. उरू दे."

त्या एका वातीचा कापूस तिने आईच्या उजव्या हातात ठेवला. तासाभराने आईने मांडीवर वळलेली वात उजेडात धरली, मग मान वळवून लेकींच्या वातींचा ढीग पाहिला.

"किती जाड वळल्यात गं!" आई म्हणाली. "उकला सगळ्या."