पुसून बसवलेली रॅम

“स्टिकर कुठंय?”

दुकानदारानं रॅमची हिरवी पट्टी दोन बोटांत धरून उलटसुलट केली.

“काढला,” सिस्टर म्हणाल्या.

“काढला म्हणजे?”

“नवी वस्तू. कुठल्या कुठल्या हातांतून आलेली. बसवायच्या आधी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून घेतली. स्टिकरखाली मळ राहतो, म्हणून तो सोलला.”

दुकानदार शेजारच्या गिऱ्हाइकाकडं बघून हसला. त्यात खरं तर हसण्यासारखं काही नव्हतं. सगळी हयात वॉर्डात काढलेली बाई ती. सुई असो की कॉम्प्युटरची पट्टी, तिच्या हातून पुसल्याशिवाय काही आत जायचं नाही. निवृत्त झाल्या तरी गल्लीनं त्यांना सिस्टर म्हणायचं सोडलं नव्हतं आणि त्यांनी पुसायचं.

“वॉरंटी त्या स्टिकरवर असते, मॅडम. स्टिकर नाही, तर ही पट्टी आमची नाहीच.”

“अहो, कालच तर नेली. तुम्हीच दिलीत. जुनी पट्टी नमुना म्हणून रुमालात बांधून आणली होती मी. तुम्ही ती बघितलीत आणि म्हणालात, डोळे झाकून बसवा.”

“मग? बसली ना?”

“बसली. पण मशीन सुरूच होत नाही, नुसतं टीं टीं करतं. जुनी परत लावली की चालू.”

“म्हणजे मशीन जुनं झालंय. पट्टीला काय धाड भरलीय? मशीन बदला.”

“या मशीनला चालेल अशी द्या ना मग.”

“तसली आता येत नाही.”

“निदान तुमच्याकडं लावून तरी बघा. बिघडलेली असेल तर कळेल.”

“चेक करणारा सुट्टीवर आहे. कधी येईल, सांगता येत नाही.”

असल्या उत्तराच्या पुढं रस्ता नसतो, हे सिस्टरांना पक्कं ठाऊक होतं. वॉर्डाच्या दारात ताटकळणाऱ्या नातेवाइकांना त्यांनीही तेच दिलं होतं. तरी त्या हलल्या नाहीत. पाय दुखत होते, म्हणून काउंटरला टेकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “माझ्या मिस्टरांचं बोलणं आहे हो त्या मशीनवर. गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाज गेला. ते टाइप करतात, मग मशीन बोलतं. पण इतकं रेंगाळतं, की...”

शेजारच्या गिऱ्हाइकानं चार्जर मागितला. दुकानदार वळला तो वळलाच.

सिस्टरांनी पट्टी पुन्हा रुमालात बांधली. वाक्य तसंच तोंडात राहिलं होतं, ते त्यांनी रस्त्यात स्वतःशीच पुरं केलं.

त्यांचा नवरा भाजीच्या बाजारात लिलाव पुकारायचा. काय जीभ होती! भले भले व्यापारी बोटांवर हिशेब करत बसायचे, तोवर याचा माल तिसऱ्याच्या नावावर चढलेला असायचा. आणि आता कुणी तब्येतीची चौकशी केली, की हे टाइप करणार, मशीन विचारात पडणार, आणि पाहुणे कुणाच्या तरी मयताचं सांगत असताना मधेच खणखणीत आवाज येणार, “आता बराच आराम आहे.” सुरुवातीला लोक हसले. ते स्वतःही हसले. मग लोक परस्पर सिस्टरांनाच विचारायला लागले, “काय म्हणतात हे?” आणि त्यांच्या समोरच त्यांच्या वतीनं सिस्टर सांगून टाकायला लागल्या. हल्ली तर ते कीबोर्डही पुढं ओढत नसत. हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसत. नव्या पट्टीनं मशीन झटपट बोलेल, यावर सिस्टरांची सगळी भिस्त होती ती एवढ्याचसाठी.

घरात शिरल्या शिरल्या त्यांनी चपला भिरकावल्या. टापटिपीच्या बाईनं चपला भिरकावल्या म्हणून नवऱ्यानं मान वळवली.

“नाही घेतली परत. स्टिकर काढला म्हणे मी. कुणी सांगितलं होतं मला पुसायला? जळ्ळी मेली सवय! आता तसली मिळतही नाही. बसा असंच.”

नवऱ्यानं त्यांच्याकडं जरा वेळ बघितलं. मग कीबोर्ड जवळ ओढला.

सिस्टरांचं तिकडं लक्ष नव्हतं. थांबायची सवय मोडली होती. त्या आत गेल्या, तोंडावर पाणी मारलं, माठातलं पाणी पेलाभर घटाघटा प्यायल्या, पेला विसळून पालथा घातला. रुमालातली पट्टी काढून कापसाच्या डब्यात टाकली. सकाळची भांडी फडताळात लावायला घेतली. बाहेरच्या खोलीत मशीन घरघरत होतं. रोजचंच.

अर्धी भांडी लावून झाली, तेव्हा बाहेरून तो एकसुरी, कुणाचाच नसलेला आवाज आला.

“आधी पाणी पी.”

सिस्टरांचा हात ताटावरच राहिला.

मग त्यांनी पालथा पेला सुलटा केला, काठोकाठ भरला, बाहेर येऊन नवऱ्याच्या समोर बसल्या, आणि तहान अगदी आत्ताच लागल्यासारखं ते सगळं पाणी घोट घोट करून प्यायल्या.