सरळ रेघ

सुया टोचून दुखणी बरी करणाऱ्या डॉक्टरांकडे एक यंत्र होतं. बोटाला चिमटा लावला, की कातडीतून बारीकसा करंट कितपत वाहतो याची रेघ पडद्यावर उमटायची. सुई टोचली की रेघ हलायची, मन दचकलं तरी हलायची. पेशंटची भीती मोडावी म्हणून डॉक्टर चिमटा आधी स्वतःच्या बोटाला लावून दाखवत. घटस्फोट झाल्यापासून त्यांची रेघ सरळच यायची. "यंत्र ठणठणीत आहे, डॉक्टरच बंद पडलेत," असं नर्सताई म्हणायच्या. तेही नुसती मान हलवायचे.

आज खांदा धरून आली, ती त्यांची पूर्वीची बायको. डॉक्टरांनी सवयीने चिमटा लावून दाखवला, तिला स्टुलावर बसवलं आणि खांद्यात एकेक सुई टोचली. रेघ तसूभरही हलली नाही. हीपण आपल्यासारखीच बधिर झालीय, असं त्यांना वाटलं.

"पुढच्या महिन्यात लग्न करतेय मी," ती सहज म्हणाली.

रेघ उसळली ती थेट पडद्याच्या टोकाला.

डॉक्टरांना तिची कीवच आली. "मग कर की, घाबरतेस कशाला? बघ, तुझी रेघ कशी नाचतेय. अजून माझ्यातून मन निघालेलं दिसत नाही तुझं."

तिने पडद्याकडे पाहिलं. मग मांडीवरचे दोन्ही मोकळे हात उचलून त्यांच्यासमोर धरले.

"चिमटा अजून तुझ्याच बोटाला आहे."