दाराखालची फट

"मुलीशी मी एकटीच बोलणार. तो तिचा हक्क आहे," असं ठणकावून वकीलबाईंनी बापाला बालन्यायालयाच्या त्या छोट्या खोलीतून बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

"इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. आणि घाबरू नकोस, पहिलीच चोरी आहे तुझी. आजच जामीन मिळेल, संध्याकाळी बाबांबरोबर घरी!"

हे ऐकून कुणाच्याही जिवात जीव आला असता. पोरीची नजर मात्र दाराकडे गेली. दाराखालच्या फटीतून दिसणारे बापाचे बूट हलायचं नाव घेत नव्हते.

"मला घरीच जायचंय, बाबांकडे," ती बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली.

मग वकीलबाईंच्या हातातलं पेन घेऊन तिनं फायलीवर लिहिलं, "घरी पाठवू नका. म्हणून तर मुद्दाम सापडले."