मॉक ड्रिल

डॉक्टर स्वप्नाली चपला काढून घरात आल्या, तसा प्रितमनं आतल्या खोलीतल्या टीव्हीचा आवाज वाढवला आणि दार ओढून घेतलं. आत श्रावस्ती होती, त्याची अकरा वर्षांची मुलगी, उशांना टेकून बसलेली. तिच्या कानावर काही पडू नये, एवढीच त्याची धडपड. रहाटणीतल्या त्या दोन खोल्यांत गोष्ट लपवायला जागा कुठली? पण भ्यालेल्या माणसाला एवढं कुठं सुचतं!

“तिचे श्वासाचे स्नायू थकत चाललेत,” डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाल्या. “पुन्हा दम लागणार. तेव्हा मशीनवर ठेवायचं, की घरीच औषध देऊन त्रास कमी करायचा, ते आत्ता शांतपणे बोलून ठेवू. ऐन धावपळीत नको. आज ठरवलेलं उद्या बदलताही येतं.”

“असलं बोलू नका हो मॅडम,” त्याच्या बायकोनं, आम्रपालीनं, ओढणी तोंडाशी नेली. “लेकराच्या बाबतीत वाईट बोललं की तसंच होतं.”

प्रितमलाही नेमकं तेच वाटत होतं. खरं तर निघोज्यातल्या कंपनीत तो फायर वॉर्डन. आग लागली तर काय करायचं याचा सराव म्हणून अधूनमधून भोंगा वाजवून सगळी शिफ्ट मैदानात काढायची, जमायच्या जागेच्या हिरव्या पाटीखाली उभी करायची आणि माणसं मोजायची, हे त्याचं काम. एकदा एक जण संडासात राहिला, तर मोजणी जुळेपर्यंत त्यानं मॅनेजरलासुद्धा आत सोडलं नव्हतं. तो किस्सा ऐकून श्रावस्ती खोकला येईस्तोवर हसली होती.

असा खमका गडी, पण आता त्याला काही ठरवता येईना. गेल्या वेळची ती आयसीयूतली काचेची खोली डोळ्यांपुढून हलत नव्हती. पोरीच्या तोंडात नळी, आणि ती नुसत्या डोळ्यांनी हाका मारतेय, हे दोघं मात्र काचेबाहेर. मशीन नको म्हणावं, तर आपल्याच हातानं पोरीला घालवल्यासारखं. हो म्हणावं, तर पुन्हा तीच काच.

तेवढ्यात आतला टीव्ही बंद झाला.

प्रितमनं दाराकडे पाहिलं.

“पप्पा,” आतून हाक आली.

तो उठला. दार ढकललं तर श्रावस्ती रिमोट हातात घेऊन त्याच्याकडेच बघत होती.

“तुम्ही कंपनीत मॉक ड्रिल घेता, त्यानं आग लागते का?”

“नाही गं.”

“मग बोला की.” ती थांबली, श्वास गोळा केला. “मला भीती वाटते. पण त्या काचेच्या खोलीची जास्त वाटते. मला दम लागला की औषध द्यायचं आणि सगळ्यांनी इथं यायचं. माझ्या कॉटपाशी. दाराबाहेर कुणी थांबायचं नाही.”

आम्रपाली उंबऱ्यातच खाली बसली. डॉक्टर तिच्या शेजारी टेकल्या.

प्रितमला वाटलं, जिना उतरावा आणि दिसेल त्या वाटेनं पळत सुटावं. पण पोरीनंच ड्रिल सुरू केल्यावर वॉर्डननं पळून कसं चालेल? तो कॉटच्या कडेला बसला. त्यानं विचारलं, “आणि माणसं कुणी मोजायची?”

“तुम्हीच.” श्रावस्तीनं त्याचं बोट धरलं. “पण पप्पा, मी ओ दिली नाही, तरी मला मोजायचं.”